पहिल्या ओटीचा मान

कोरगाव, पेडणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. देवकी हिला विमलावहिनीचा आशीर्वाद.

फोन करू नकोस. परवा तू अर्धा तास बोललीस आणि मला त्यातले 'हॅलो' आणि 'ठेवते' एवढेच कळले. कानातले यंत्र फोनजवळ नेले की शिट्टी मारते. मास्तरीण होतीस, हात बसलेला आहे, तेव्हा पत्रच लिही.

काम असे आहे. इथे रेल्वे येते आहे. आहे ती नव्हे, आणखी एक. मडगावात म्हणे मालगाड्यांची इतकी कोंडी होते की माणसांच्या गाड्या स्टेशनाबाहेर ताटकळत उभ्या राहतात. म्हणून मालगाड्यांना शहर टाळून वेगळी वाट काढायची आहे. ती पेडण्यात फुटणार, कोरगावाला वळसा घालून डिचोलीत शिरणार आणि तुमच्या पाळीच्या खाणींजवळून पुढे जाणार. म्हणजे आपल्या दोघी जावांच्या दारात एकच गाडी. सासर एक कमी होते म्हणून आता हेही.

गेल्या मंगळवारी मोजणीची माणसे आली. त्यांचा मुकादम केरबा, कोल्हापूरकडचा, माझ्या हातचा चहा पिऊन गेला आणि सगळे सांगून गेला. दोन आखण्या आहेत. एक खालून मळ्यातून, दुसरी वरून, सड्याच्या उघड्या माळावरून. मळ्यातली सोपी, म्हणून तीच पुढे आहे. आणि ती नेमकी देऊळ आणि आपले घर यांच्या मधून जाते. विहीर जाईल, काजूची अर्धी बाग जाईल. पण झाडांची भरपाई तरी मिळते. पालखीच्या वाटेचे काय?

चैत्री पुनवेला देवी देवळातून निघते ती मळ्याच्या बांधावरून थेट आपल्या ओसरीवर येऊन टेकते. गावातली पहिली ओटी आपल्या घरची. आईंच्या सासूने भरली, मग आईंनी भरली, आता मी भरते. केरबा म्हणाला, रुळांना दोन्हीकडून कुंपण असणार. पालखी काय कुंपणावरून उडी मारणार? मग ती डांबरी रस्त्याने सड्यावरून फिरून येईल. आणि सड्यावर पहिले घर कुणाचे? तुझे. वर्षभर कुलूप असले म्हणून काय झाले, घर ते घरच. हसू नकोस, मी हसत नाही.

हरकती दहा डिसेंबरच्या आत पणजीच्या कार्यालयात घालायच्या आहेत. गौरेशला सांगावे तर आमच्या चिरंजिवांचे मराठी म्हणजे पोदेराच्या भट्टीतली पोई, वरून फुगलेली आणि आत पोकळ. म्हणून तूच लिही. जमीन ह्यांच्या नावावर, म्हणून दोन कोऱ्या कागदांवर ह्यांची सही घेऊन सोबत पाठवते आहे. विहीर घाल, झाडे घाल, ओहोळ घाल, पण पालखीची वाट सगळ्यात वर घाल. शिवदासभावजींना म्हणावे, पणजीला जाऊन शिक्का मारून घ्या.

तुझ्या सड्यावरच्या घराची जनेले उघडून वारा घातला. फरशी पुसली. इतकी चकचकीत आहे की माझेच तोंड दिसले, आणि ते काही बघण्यासारखे नव्हते.

विमला

⁂

पाळी, डिचोली
२९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. विमलावहिनींना देवकीचा नमस्कार.

पत्र आणि कागद मिळाले. मी अर्ज लिहिला आणि ह्यांनी काल पणजीला जाऊन तो दिला. शिक्का मारलेली पोच आमच्याकडे आहे. विहीर कधी खणली ते लिहिले, काजूची झाडे लहान-मोठी वेगळी करून लिहिली, ओहोळ अडला तर पावसात मळ्याचे तळे होईल तेही लिहिले. पान एकच ठेवले. सरकारी माणसाला दुसरे पान दिसले की त्याला झोप येते.

खरे सांगायचे तर इथे लोकांना ही रेल्वे हवी आहे. खाण बंद पडल्यापासून ह्यांचा वजनकाट्यावरचा जॉब गेला तो गेलाच. गाड्या आल्या तर खाणी पुन्हा हलतील असे लोक म्हणतात, आणि हेही म्हणतात. तरी तुमची हरकत ह्यांनी स्वतः नेऊन दिली, हे ध्यानात असू द्या.

तुम्ही लिहिलेत, मळ्यातून गाडी गेली तर सड्यावरचे माझे घर पहिले. माझ्या डोक्यात हे आलेच नव्हते. तुम्हीच आणून दिलेत.

लग्न होऊन आले त्या पहिल्या चैत्रात आईंनी माझ्या हातात ताट दिले आणि म्हणाल्या, "धर गो. वयनीच्या फाटल्यान उभी राव." तेव्हापासून सत्तावीस वर्षे मी मागेच उभी आहे. पालखीचा दांडा माझ्या खांद्याला लागतो आणि देवीचे तोंड तुमच्या अंबाड्याआड असते. पुढच्या वेळी अंबाडा जरा खाली बांधा, म्हणजे मलाही दर्शन होईल. थट्टा केली हो.

आमची समीक्षा पुण्याला मजेत आहे. तिच्या कंपनीने तिला परदेशी पाठवायचे म्हटले आहे. गौरेशचे लग्नाचे काही जमते का?

तुमची,
देवकी

⁂

कोरगाव
२० डिसेंबर २०२४

चि. देवकी, आशीर्वाद.

काम फत्ते केलेस. ह्यांना पत्र वाचून दाखवले. म्हणाले, "मास्तरणीन बरयलां म्हणजे सरकार वाचतलां." कोकमाच्या सोलांची पिशवी पोस्टाने पाठवली आहे. फुटून लाल पाणी गळले असेल तर पोस्टमनवर ओरडू नकोस, मीच घाईत बांधली.

तुझ्या पत्रात विहीर आहे, झाडे आहेत, ओहोळ आहे. पालखीचे काही नाही. हे म्हणाले, विचार तिला. मी म्हटले, विचारायचे काय त्यात, पत्रात लिहायचे राहिले असेल, अर्जात राहणार नाही. तुझ्या हाताखाली पोरे शुद्धलेखन शिकली. तरी दोन ओळी लिही, म्हणजे ह्यांचे तोंड बंद होईल.

समीक्षा परदेशी जाते आहे, आनंद वाटला. आनंद वाटला असेच लिहिते. गौरेशचे कुठेच जमत नाही. मुलींना काजूची बाग बघायला आवडते, पण राहायला नको. आणि तू तो प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी विचारतेस, जाता जाता चिमटा काढावा तसा. मला कळत नाही असे समजू नकोस.

काल आईंचे जुने लुगडे सापडले. शेवटची तीन वर्षे त्या तुझ्याकडे राहिल्या. दवाखाना जवळ म्हणून, हे खरेच. पण थोरली सून मी. शेवटचे पाणी त्यांनी तुझ्या हातून घेतले आणि मी बसमधून उतरून धावत आले तेव्हा दारात माणसे उभी होती. तुला त्याचे काही वाटत नसेल. मला अजून वाटते.

विमला

⁂

पाळी
१४ जानेवारी २०२५

ती. वहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. संक्रांतीची गडबड होती, शिवाय गवंडी बघत होते. सड्यावरच्या घराच्या ओसरीला चिऱ्याचा एक ओटा बांधून घ्यायचा म्हणते. पावसाचे पाणी आत येते. गौरेशला सांगून किल्ली गवंड्याकडे द्याल का?

अर्जात काय काय लिहिले ते आता शब्दशः आठवत नाही. पोच आहे, काळजी करू नका.

आईंचे तुम्ही लिहिलेत. वहिनी, आई माझ्याकडे होत्या म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना उठवणे, बसवणे, अंग पुसणे, हे सगळे मी केले आणि दिवसभर त्या विचारत, "विमल केन्ना येतली?" तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, तेव्हा त्या उशीला टेकून बसायच्या, केस विंचरून घ्यायच्या. माझ्यासाठी कधी बसल्या नाहीत.

सोलां मिळाली. पिशवी फुटली नव्हती.

देवकी

⁂

कोरगाव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. देवकी, आशीर्वाद.

गेल्या बुधवारी पेडण्यात सुनावणी झाली. पन्नासेक माणसे होती. गौरेश माझ्या कानाशी बसून मोठ्याने सगळे सांगत होता, इतक्या मोठ्याने की साहेब दोनदा म्हणाले, तुम्हीच सुनावणी घ्या.

आपले नाव पुकारले. साहेबांनी अर्ज वाचला. विहीर, झाडे, ओहोळ. संपले. मी उठून म्हटले, आणि पालखीची वाट? ते म्हणाले, यात पालखी नाही. मी म्हटले, असणारच. त्यांनी कागद उलटापालटा करून दाखवला. मग मी काय गप्प बसते? सगळ्यांसमोर सांगितले, तुमच्या लोकांनी पान हरवले. माझ्या जावेने लिहिले आहे, ती मास्तरीण आहे, ती खाडाखोडसुद्धा करत नाही. लोकांनी माझीच बाजू घेतली. साहेबांचा चेहरा उतरला. बिचारा तरुण आहे.

शेवटी ते म्हणाले, पिढ्यान् पिढ्यांची पालखीची वाट असल्याचे हरकतीत असेल, तर मळ्यातली आखणी मागे ठेवून सड्यावरची पुढे घेता येईल. पण ते लेखी हवे, आणि ते आधी दिले होते हेही दिसायला हवे. बारा मार्चला पुन्हा बोलावले आहे. तेव्हा तुझा कच्चा कागद घेऊन तू स्वतः ये. तू आणि मी मिळून त्यांना दाखवू.

आणखी एक. देवळाच्या महाजनांनी रविवारी देवीला कौल लावला. वाट बदलली तर तुला चालेल का, असे गाऱ्हाणे घातले. पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. तासभर बसलो, देवकी. एकही पाकळी हलली नाही. पाणी वाळले तरी चिकटून राहिल्या. माझ्या आठवणीत असे कधी झालेले नाही. पुजारी पांडुरंग डोळे मिटून म्हणाला, "ह्या घरान कोणेंतरी उतर लिपयलां. तें भायर येय सर देवी उलोवची ना." आपल्या घरात कुणीतरी शब्द लपवला आहे म्हणे, आणि तो बाहेर येईपर्यंत देवी बोलणार नाही. सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून घरी आले आणि दोन दिवस जेवण गेले नाही.

तुझा ओटा बघितला. चांगला झाला आहे. आमच्या ओसरीएवढाच उंच. पाणी अडवायला एवढा उंच लागतो होय? थोडे जळले, लपवत नाही. पण घर बांधले की हौस येतेच.

कागद जपून आण.

विमला

⁂

पाळी
२६ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

पान हरवलेले नाही. कच्चा कागद माझ्यासमोर आहे आणि त्यातही पालखी नाही. मी ती लिहिलीच नाही.

बसले तेव्हा लिहिणार होते. विहीर झाली, झाडे झाली, ओहोळ झाला. म्हटले, पालखीचे काय शब्द होते ते बघावे, म्हणून तुमचे पत्र पुन्हा उघडले. 'सड्यावर पहिले घर कुणाचे? तुझे.' ते वाक्य मी किती वेळा वाचले ते सांगायची लाज वाटते. नंतर कागदावर जागा होती, खाली थोरल्या भावोजींची सही आधीच होती. मी वर तारीख घातली, घडी केली, पाकिटात घातली. ह्यांनी बिचाऱ्यांनी पाकीट न उघडता नेले. ह्यांना अजून ठाऊक नाही.

ओटाही पाण्यासाठी नव्हे. पालखी टेकायला होता. उंची मी गवंड्याला तुमच्या ओसरीची दिली.

मी जळत होते, वहिनी. याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधतही नाही. माझ्या घरी पैसा आला, फरशी आली, पोरगी शिकली, तुम्हाला त्याचा हेवा वाटला ते मला कळायचे आणि बरे वाटायचे. पण चैत्र आला की मी पुन्हा धाकटी. गावातल्या बायका तुमच्या पाया पडून पुढे जायच्या आणि मला विचारायच्या, "तू केन्ना आयलें?" जणू पाहुणीच. ओटी भरून झाली की तुमच्या तोंडावर जे तेज येते ते एकदा माझ्या तोंडावर यावे, एवढेच मला हवे होते. हे किती क्षुल्लक आहे ते मला कळते. पोरांना तीस वर्षे शिकवले, दुसऱ्याचे हिसकावू नये.

आणि तुम्ही पन्नास माणसांसमोर माझ्यासाठी भांडलात. हे वाचले आणि कच्चा कागद शोधून पुढ्यात ठेवला.

पाकळ्या अडल्या त्या माझ्यामुळे. बारा मार्चला मी येते आणि साहेबांना सांगते. पालखीची वाट धरली तर गाडी सड्यावर जाईल, म्हणजे माझ्या घरावरून. ते मला ठाऊक आहे. ह्यांना आज सांगणार आहे.

देवकी

⁂

कोरगाव
४ मार्च २०२५

देवकी,

पत्र मिळाले. ह्यांना वाचून दाखवले. ते ऐकून काजूत निघून गेले ते जेवायला आले नाहीत. तिसऱ्या प्रहरी मी ताट घेऊन गेले तर झाडाखाली बसले होते. म्हणाले, "कोऱ्या कागदार सय आपल्याच मनशाक दितात मगो?" कोऱ्या कागदावर सही आपल्याच माणसाला देतात ना, म्हणे. मी ताट तिथेच ठेवून परत आले.

शिवदासभावजींवर आमचा राग नाही. तुझ्यावर आहे. मी एका परक्या पोराला चारचौघांत खोटे पाडले, तुझ्या भरवशावर. आता त्याच्या तोंडाकडे कशी बघू?

सड्यावरच्या घराची किल्ली या पत्रासोबत आहे. यापुढे माझ्याकडे ठेवायची नाही. बारा तारखेला ये, सांगायचे ते सांग आणि जा. आमच्या घरी चहाला थांबू नकोस. चैत्रात मागे उभे राहायलाही मला कुणी नको.

विमला

⁂

कोरगाव
१५ एप्रिल २०२५

देवकी,

काय मायना घालावा ते ठरेना, म्हणून नुसते नाव लिहिले.

सुनावणीला तू हिरवी साडी नेसून आलीस आणि शेवटच्या बाकावर बसलीस. नाव पुकारले तेव्हा उठून म्हणालीस, पालखीची वाट पूर्वापार आहे, अर्ज लिहिणारी मी, ती वाट मी मुद्दाम गाळली, माझ्या थोरल्या दिरांची यात चूक नाही. साहेबांनी विचारले, का गाळली? तू म्हणालीस, "मत्सर." लोक हसले. हा शब्द गौरेशला मला सांगावा लागला नाही. तू गेल्यावर मी त्या साहेबांपाशी जाऊन हात जोडले. ते म्हणाले, राहू दे आई. मला आणखी लाज वाटली.

परवा पंचायतीत कागद लागला. मळ्यातली आखणी मागे घेतली आहे, सड्यावरची पुढे पाठवली आहे. अजून प्रस्तावच आहे, वरून मंजुरी यायची आहे, दहा वर्षेही जातील म्हणतात. पण सर्व्हे नंबरांच्या यादीत तुझ्या घराचा नंबर आहे. मी स्वतः वाचला. बरे वाटेल असे वाटले होते. वाटले नाही.

शनिवारी पालखी झाली. तू आली नाहीस, आणि तुला नको म्हटले होते मीच. बांधावरून देवी आली, ओसरीवर टेकली. मी खण घातला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. ताट मंगलने धरले, त्या बेळगावच्या भाडेकरणीने. बायका पाया पडल्या. सगळे नेहमीसारखे झाले आणि आत येऊन मी भिंतीला टेकून बसले. आता जे लिहिते ते आठ वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते.

आई जायच्या आधीच्या श्रावणात मी पाळीला आले होते. तू चहा करायला आत गेलीस. आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "विमल, म्हज्या फाटल्यान एक वर्स ओटी तू भर, एक वर्स देवकीक भरूंक दी. देवी दोगांचीय. हें तूंच तिका सांग." मी हो म्हटले. तेवढ्यात तू कप घेऊन आलीस आणि मी म्हटले, चहात साखर कमी आहे.

महिन्याभरात आई गेल्या. दिवसकार्यात सांगेन म्हटले, नाही सांगितले. पहिल्या चैत्रात म्हटले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी. मग तेही गेले. प्रत्येक वर्षी तू मागे ताट घेऊन उभी असायचीस आणि मला ठाऊक असायचे की आज पाळी हिची आहे. मला ओटीची हाव होती असे नाही. म्हणजे होतीही. पण त्याहून जास्त, मला तुझा राग होता. आईंची तीन वर्षे तुला मिळाली, त्यांचे शेवटचे पाणी तुला मिळाले. मला वाटले, एवढे तिच्याकडे गेले, आता ओटी तरी माझी राहू दे.

पाकळ्या अडल्या आणि पांडुरंग बोलला तेव्हा मी मान खाली घातली ती उगाच नव्हे. देवी माझ्याबद्दलच बोलते आहे हे मला त्या क्षणी कळले. म्हणून माझे जेवण गेले होते, तुला वाटले असेल रेल्वेमुळे. मी सांगून टाकायचे ठरवत होते, तेवढ्यात तुझे पत्र आले. आणि देवकी, मला हायसे वाटले. मी तुला जे रागाचे पत्र लिहिले त्यातला राग खरा होता, पण त्याच्या खाली आनंद होता, की चोर तू निघालीस आणि मी सुटले. तू सगळ्यांसमोर उभी राहून बोललीस, मी तुझ्या पाठीमागे बसून ऐकले आणि तरीही तोंड उघडले नाही.

ह्यांना काल सांगितले. ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्याशी नव्हते बोलत त्याहून जास्त बोलत नाहीत.

तू काय म्हणायचे ते म्हण. माफ कर असे लिहीत नाही, तसे लिहिले की समोरच्यावर जबाबदारी येते.

विमला

⁂

पाळी
२४ एप्रिल २०२५

वहिनी,

तुमचे पत्र चार दिवस मेजावर पडून होते. पहिल्या दिवशी मी ते फाडणार होते. दुसऱ्या दिवशी ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, "दोगांय सारकींच," आणि मासे आणायला गेले. पुरुषांना बरे असते.

मी रडले. तुमच्यावर चिडून रडले, आणि मग लक्षात आले की तुमच्यापेक्षा मी आईंवर जास्त चिडले आहे. रोज मी त्यांच्या उशाशी, आणि माझ्यासाठी ठेवलेली एकच गोष्ट त्यांनी तुमच्या हातात दिली. मला तोंडाने सांगितली असती तर काय बिघडले असते? तुमच्यावर त्यांचा केवढा विश्वास, बघा. बाई जाऊन आठ वर्षे झाली आणि मला अजून हेवा वाटतो की त्यांनी तुम्हाला सांगितले, मला नाही. तुम्हाला माझ्या पाण्याच्या घोटाचा, मला तुमच्या त्या चार वाक्यांचा. आपण दोघी एकाच आईवरून भांडत होतो आणि ती आपली आईसुद्धा नव्हती.

म्हणून तुमच्यावर फार काळ रागावता येईना. मी तसेच केले असते. तुमच्या जागी असते तर साखरेचे निमित्तसुद्धा तेच काढले असते.

पण सोडून देते असे समजू नका. आई गेल्यापासून आठ चैत्र झाले. कोरोनाच्या वर्षी पालखी निघाली नाही, राहिले सात. त्यातले साडेतीन माझे होतात. अर्धी ओटी भरता येत नाही, म्हणून मी चार धरते. तेव्हा पुढची चारही वर्षे ओटी मी भरणार. मधे एकही तुमची नाही. पाचव्या वर्षापासून आईंनी सांगितले तसे. थोरल्या भावोजींना हे तुम्हीच सांगा, नाहीतर मी पत्र लिहीन, आणि माझे अर्ज कसे असतात ते त्यांना ठाऊक आहे.

सड्यावरचे घर राहते की जाते ते ती रेल्वे जाणे. किल्ली मी ह्यांना दिली, हे म्हणाले, आता रंग काढायला नको. पण ज्या घरावर फुली बसली तिथे चूल पेटवायला माझे मन घेत नाही. पुढच्या चैत्रात मी चार दिवस आधी तुमच्याकडेच येऊन राहणार. मागची खोली द्या, पुढच्या खोलीत भावोजींचे घोरणे ऐकू येते.

ओटी भरताना तुम्ही कुठे उभे राहायचे ते मी सांगणार नाही. कुठेही उभ्या राहिलात तरी तुम्हाला जळेल. चार वर्षे जळू दे, वहिनी. सत्तावीस वर्षे जळून मी काही मेले नाही.

देवकी